पडक्या भिंतींची साक्ष

३० सप्टेंबर १९९३ची पहाट. गणेश विसर्जन आटोपून गावे झोपली होती. चारच्या सुमारास जमीन हादरली. लातूरमधील किल्लारी आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, आजच्या धाराशिव जिल्ह्यातील सास्तूर जमीनदोस्त झाले. सुमारे आठ हजार माणसे गेली.

भूकंपमापकाने दिलेला ६.२ हा आकडा सर्व गावांसाठी एकच. तीव्रता मात्र गावागणिक बदलते. ती माणसे आणि भिंती सांगतात. झोपलेले जागे झाले का? भांडी पडली का? भिंतीला तडा गेला, की घर कोसळले? अशा उत्तरांवरून बारा अंशांच्या ‘एमएसके’ श्रेणीत गावाचे स्थान ठरते. किल्लारी परिसराला अभ्यासकांनी आठ-नऊचा अंश दिला.

विद्यार्थ्यांना हे शिकवताना एक प्रश्न आधी विचारायला हवा : घर कशाचे होते? इथली माळवदे म्हणजे मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वर मातीचा जड थर. ही श्रेणी अशा घरांना सर्वांत कमकुवत गटात धरते. नुसती पडलेली घरे मोजली, तर अंश फुगतो. शेजारच्या विटांच्या, काँक्रीटच्या इमारतींचे काय झाले, तेही पाहावे लागते.

जमीन किती हादरली आणि घर किती कच्चे होते, हे दोन हिशेब वेगळे. पहिला आपल्या हाती नाही, दुसरा आहे.