प्रतिरक्षा संस्था, मानवी : अवयव

रोगजंतू व परकीय द्रव्ये ओळखून त्यांचा प्रतिकार करणाऱ्या कोशिकांची उत्पत्ती, परिपक्वता व योजना ज्यांत घडते, अशा अवयवांचा समुच्चय. सर्व लसीका कोशिकांचा उगम अस्थिमज्जेत (पहा : अस्थिमज्जा) होतो, त्यांपैकी बी-कोशिका बहुतांशी तेथेच परिपक्व होतात, तर टी-कोशिका उरोस्थीमागील यौवनलोपी ग्रंथीत, जिचे हे महत्त्व १९६१ साली झाक मिलर यांच्या उंदरांवरील प्रयोगांनी प्रथम उघड झाले.

डाव्या बरगड्यांखालील प्लीहा अथवा पाणथरी रक्त गाळते व जीर्ण तांबड्या कोशिका नष्ट करते. हिवतापात (पहा : हिवताप) ती इतकी वाढते की, ब्रिटिश अमदानीत मुलांतील वाढलेल्या पाणथरीचे शेकडा प्रमाण हेच रोगाच्या प्रादुर्भावाचे माप म्हणून सरकारदप्तरी नोंदले जाई. गिलायू व आतड्यांतील लसीकाभ ऊतक प्रवेशमार्गांवर पहारा ठेवतात.

लसीका ग्रंथींचे कार्य प्रत्यक्ष हातास जाणवते : कल्याणच्या रुक्मिणीबाई किंवा डोंबिवलीच्या शास्त्रीनगर रुग्णालयात जन्मलेल्या अर्भकास राष्ट्रीय वेळापत्रकानुसार डाव्या दंडावर बीसीजी लस (पहा : क्षयरोग) टोचल्यावर, काही बालकांच्या त्याच बाजूच्या काखेत छोटी गाठ येते. ती बहुधा आपोआप जिरते. वाढू लागल्यास किंवा तीत पू झाल्यास वैद्यकीय तपासणी आवश्यक असते.