घरगुती संगणकावरील फायरवॉल

फायरवॉल ही संगणक आणि बाहेरील जाळे यांच्यातील माहितीची ये-जा ठरावीक नियमांनुसार तपासून अनावश्यक वाहतूक रोखणारी संरक्षक व्यवस्था आहे. घरगुती वापरात तिचे दोन प्रकार आढळतात : राउटरमधील हार्डवेअर फायरवॉल आणि संगणकातील सॉफ्टवेअर फायरवॉल. हे प्रकार परस्परांना पर्याय नसून पूरक आहेत.

हार्डवेअर फायरवॉल

ब्रॉडबँड किंवा फायबर जोडणीच्या राउटरमध्ये ही व्यवस्था सहसा अंगभूत असते. राउटर घरातील उपकरणांना बहुधा १९२.१६८ ने सुरू होणारे खाजगी पत्ते देतो. आतून मागवलेल्या माहितीचे उत्तर आत येते. न मागवलेली जोडणी दाराशीच अडते. आयपीव्ही६ पद्धतीत मात्र प्रत्येक उपकरणाला सार्वजनिक पत्ता मिळू शकतो. अशा वेळी खाजगी पत्त्याचा आडोसा उरत नाही, म्हणून राउटरमधील आयपीव्ही६ फायरवॉल सुरू असणे आवश्यक ठरते. बाहेर जाणारी वाहतूक कोणत्या प्रोग्रामची आहे, हे राउटरला कळत नाही.

सॉफ्टवेअर फायरवॉल

ती संगणकावरच चालत असल्याने प्रोग्रामनिहाय परवानगी देऊ वा नाकारू शकते. ऑगस्ट २००३ मध्ये ब्लास्टर या वर्मने असंख्य विंडोज संगणक बाधित केले. त्यानंतर ऑगस्ट २००४ मधील विंडोज एक्सपी सर्व्हिस पॅक २ पासून विंडोजची फायरवॉल मुळातच सुरू ठेवली जाऊ लागली. प्रशासकीय अधिकार मिळवलेला घातक प्रोग्राम मात्र ती बंद करू शकतो.

एकत्रित वापराची गरज

जून २०१७ मध्ये नॉटपेट्या या घातक प्रोग्राममुळे मुंबईजवळील जवाहरलाल नेहरू बंदरातील एका टर्मिनलचे कामकाज विस्कळीत झाले. हा प्रोग्राम युक्रेनमधील एका हिशेबी सॉफ्टवेअरच्या अद्ययावतनातून जाळ्यांत शिरला आणि मग एका संगणकातून दुसऱ्यात आतल्या आत पसरला. घरातही एखादा बाधित लॅपटॉप वाय-फायला जोडला गेल्यास बाहेरच्या दारावरील पहारा अपुरा पडतो; तेथे प्रत्येक संगणकाची स्वतःची फायरवॉल उपयोगी पडते.

दक्षता

* राउटरचा मूळ पासवर्ड बदलावा व त्याची आज्ञाप्रणाली अद्ययावत ठेवावी.
* गरज नसल्यास यूपीएनपी आणि दूरस्थ व्यवस्थापन बंद ठेवावे.
* सार्वजनिक वाय-फायवर विंडोजमध्ये ‘पब्लिक’ हा पर्याय निवडावा.
* एका संगणकावर दोन सॉफ्टवेअर फायरवॉल एकाच वेळी चालवू नयेत; त्यांचे नियम परस्परविरोधी ठरून जोडणी खंडित होऊ शकते. पुण्याच्या क्विक हीलसारख्या कंपन्यांच्या सुरक्षा संचांत स्वतंत्र फायरवॉल असते, त्यामुळे संच बसवल्यावर कोणती फायरवॉल कार्यरत आहे हे तपासावे.

मर्यादा

वापरकर्त्याने स्वतः उघडलेली फसवी जोडपत्रे किंवा स्वतःहून सांगितलेला ओटीपी यांपासून कोणतीही फायरवॉल संरक्षण देत नाही. आर्थिक फसवणूक झाल्यास १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर त्वरित तक्रार नोंदवता येते.