९ जुलै : बेबी तबस्सुम यांचा जन्मदिन

मुंबईत १९४४ साली आजच्या दिवशी तबस्सुम यांचा जन्म झाला. ‘नर्गिस’ (१९४७) चित्रपटात कॅमेऱ्यापुढे आल्या तेव्हा त्या जेमतेम तीन वर्षांच्या होत्या. ‘दीदार’मध्ये (१९५१) नर्गिसचे, तर ‘बैजू बावरा’त (१९५२) मीनाकुमारीचे बालपण त्यांनीच रंगवले. त्या काळच्या प्रेक्षकांना ‘बेबी तबस्सुम’ घरचीच वाटे. बालकलाकार मोठे झाले की बहुधा विस्मरणात जातात. यांना मात्र दूरदर्शनने दुसरी, अधिक मोठी खेळी दिली. १९७२ साली मुंबई केंद्र सुरू झाले आणि त्याच वर्षी त्यांचा ‘फूल खिले हैं गुलशन गुलशन’ हा गप्पांचा कार्यक्रमही. समोर कितीही बडा कलावंत असो, त्या त्याला हसत बोलते करीत. ही गप्पांची मैफल तब्बल २१ वर्षे चालली. १८ नोव्हेंबर २०२२ रोजी मुंबईतच त्यांचे निधन झाले.