'किराईत' : एका कडू वनस्पतीच्या नावाचा इतिहास

मराठीत 'किराईत' म्हटले की तापावरचा कडू काढा आठवतो. त्या शब्दात एका जनसमूहाचे नाव दडलेले आहे, हे सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. संस्कृत 'किराततिक्त', म्हणजे किरातांचे कडू औषध, हे त्याचे मूळ होय. स्वरमध्यस्थ तकारांचा लोप, 'क्त'चा प्रथम 'त्त' व पुढे एकेरी 'त', आणि त्याच्या भरपाईने आधीच्या इकारास आलेले दीर्घत्व, ह्या परिचित क्रमाने 'किराईत' हे रूप सिद्ध होते.

किरात हे हिमालयाच्या डोंगराळ प्रदेशातील लोक; पूर्व नेपाळातील राई व लिंबू हे समाज आजही स्वतःस किरात म्हणवितात. अथर्ववेदात (१०.४.१४) एक किरातकन्या गिरिशिखरांवर सोन्याच्या कुदळींनी औषधी खणताना दिसते. ती औषधी सर्पविषावरची आहे. प्रस्तुत वनस्पतीशी तिचे ऐक्य मानण्यास आधार नाही. तथापि डोंगरातील औषधींचे ज्ञान किरातांपाशी असल्याची समजूत त्यातून स्पष्ट होते.

ह्या ज्ञानाचा स्वीकार करताना ज्ञात्यांविषयीचा तुच्छभाव मात्र सुटला नाही. अमरकोशात किराततिक्त व भूनिंब ह्यांच्या जोडीला 'अनार्यतिक्त' हा पर्याय येतो. सोळाव्या शतकातील भावप्रकाशातही तो आहे. बाराव्या शतकातील हेमचंद्राचा प्राकृत व्याकरणातील नियम तर अधिक बोलका आहे. अरण्यवासी किराताच्या नावातील 'क'चा 'च' होऊन 'चिलाअ' असे रूप होते. परंतु किरातवेषधारी शंकर अभिप्रेत असल्यास 'क' कायम राहतो. हिंदी 'चिरायता'त तो चकार दिसतो. मराठीने ककार राखला, त्यास वैद्यांच्या संस्कृत परिभाषेचा प्रभाव कारण असावा.

मराठीत नावाने आणखी एक स्थित्यंतर पाहिले. हिमालयातून वाळलेल्या काड्यांच्या रूपाने येणारे ते 'काडेकिराईत'. महासुदर्शन चूर्णातील मुख्य द्रव्य हेच. 'कांडतिक्त' हा जुना संस्कृत पर्यायही कांडाकडेच निर्देश करतो. कोकणात व गोव्यात मात्र परसात वाढणाऱ्या निराळ्याच वनस्पतीस किराईत म्हणतात. 'ओले किराईत' वा 'पालेकिराईत' ही तिची नावे. ती अडुळशाच्या कुलातील असून किरातांशी तिचा संबंध नाही. कडू चव आणि तापावरील उपयोग ह्या दोन समान गुणांनी नाव तिच्याकडे आले. विशेषनामाचे येथे गुणवाचक नाम झाले आहे.

यास्तव जुन्या मराठी वैद्यकीय बाडांत नुसते 'किराईत' आढळल्यास प्रदेश व प्रयुक्त अंग (काडी की पाला) पाहिल्यावाचून वनस्पती ठरवू नये. शब्दकोशातही 'एक कडू वनस्पती' एवढा अर्थ पुरेसा नाही. ज्यांनी ती प्रथम ओळखली त्यांची साक्ष इतरत्र फारशी उरलेली नाही. ती ह्या व्युत्पत्तीत आहे, आणि कोशाने ती नोंदविणे अगत्याचे आहे.