दिनविशेष : १५ जुलै १९२६ – कुलाब्याहून सुटली मुंबईची पहिली बस

कुलाब्याचे अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट. मुंबईच्या रस्त्यावर बस पहिल्यांदा धावली ती याच मार्गावर, १५ जुलै १९२६ रोजी, ऐन पावसाळ्यात! ताफा २४ गाड्यांचा. वर्षअखेरपर्यंत सहा लाख मुंबईकर त्यांतून फिरले होते.

सुरुवातीला कुलाबाच असणे साहजिक होते, कारण शहराच्या सार्वजनिक वाहतुकीचे बिऱ्हाड आधीपासून तिथेच होते. आज कॉजवेवर डेपोला लागून ‘इलेक्ट्रिक हाऊस’ उभे आहे, त्या जागी ट्राम चालवणाऱ्या स्टर्न्स अँड किटरेज कंपनीची कचेरी होती आणि घोड्यांचे तबेले. ९ मे १८७४ रोजी घोड्यांची ट्राम सुरू झाली तेव्हा २० डबे आणि २०० घोडे होते. १९०५मध्ये कंपनी विकली गेली तेव्हा घोडे १३६०! कुलाबा ते पायधुणी भाडे तीन आणे, आणि तिकीट नाहीच. फुकटे वाढले तसे तिकीट आले. कंडक्टर आणि फुकट्यांचे वैर इतके जुने आहे.

१९०७मध्ये ट्राम विजेवर गेली. १९३७मध्ये डबलडेकर आली, ७ ऑगस्ट १९४७ रोजी ही सेवा चालवणारी ‘बेस्ट’ महापालिकेकडे. शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ रोजी बोरीबंदरहून दादरला गेली. तेव्हापासून डेपो फक्त बसचे. हा सारा इतिहास पाहायचा तर बेस्टचे संग्रहालय आणिक आगारात आहे.