चिकणमातीतील ध्वनी उत्सर्जन

ताणाखाली असलेल्या चिकणमातीत कण घसरताना किंवा बंध तुटताना मुक्त होणारी ऊर्जा सूक्ष्म तरंगांच्या रूपाने पसरते. यास ध्वनी उत्सर्जन म्हणतात. हे तरंग दाबविद्युत संवेदकाने टिपले जातात. पूर्वी सोसलेला ताण ओलांडेपर्यंत पदार्थ जवळजवळ निःशब्द राहतो, हे योसेफ कायझर यांनी १९५० मध्ये धातूंबाबत दाखवले. मातीने पूर्वी किती भार पेलला, याचा अंदाज या ‘कायझर परिणामा’वरून बांधता येतो. १९७० च्या दशकात अमेरिकेतील रॉबर्ट कर्नर यांनी मातीवर विस्तृत प्रयोग केले.

वाळू बोलकी, तर चिकणमाती अबोल असते. त्यातही ओलावा वाढला की तिचे उत्सर्जन आणखी क्षीण होते. नागपूर परिसरातील काळी माती बेसाल्ट खडकाच्या झिजेतून बनली असून तीत माँटमोरिलोनाइट हे खनिज विपुल आहे. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि तिच्यावरील घरांच्या भिंतींना तडे जातात. अशी माती पाण्याने मऊ होऊन दुबळी पडते, नेमकी तेव्हाच ती गप्प असते. म्हणून केवळ शांततेवरून स्थैर्य ठरवणे धोक्याचे.

यावर उपाय म्हणून उतारात छिद्र पाडून पोलादी नळी बसवतात व तिच्याभोवती खडी भरतात. उतार सरकू लागला की खडी घासून आवाज करते आणि तो नळीतून वर पोहोचतो. ब्रिटनमधील लफबरो विद्यापीठात नील डिक्सन व सहकाऱ्यांनी ही पद्धत विकसित केली. तीत साधारण २० ते ३० किलोहर्ट्झचे तरंग मोजतात, त्यामुळे रहदारीचा गोंगाट बराचसा वगळला जातो. पुणे जिल्ह्यातील माळीण गाव ३० जुलै २०१४ रोजी दरडीखाली गाडले गेले, तशा उतारांवर सरकण्याचा वेग वाढताच इशारा मिळणे मोलाचे ठरते.