समाजमाध्यमांवरील प्रभावक आणि प्रेक्षकांच्या लक्षाचे मोल

मारतहळ्ळी (बंगळुरू) : बंगळुरूच्या पूर्व भागातील मारतहळ्ळी येथे बाह्य वर्तुळाकार मार्ग आणि व्हाइटफील्डकडे जाणारा जुना रस्ता एकमेकांना छेदतात. नामांकित ब्रँडच्या कपड्यांची सवलतीची दुकाने, सॉफ्टवेअरचे प्रशिक्षण देणारे वर्ग आणि नोकरीसाठी आलेल्या तरुणांची ‘पीजी’ निवासस्थाने यांनी हा परिसर गजबजलेला असतो. येथे कोपऱ्यावरचे दुकान मोक्याचे मानले जाते, कारण तेथून माणसे जातात आणि जाता जाता पाहतात. आता ही नजर मोबाइलवर खिळली आहे आणि तिच्या वाटेवर प्रभावक, म्हणजेच इन्फ्लुएन्सर उभा आहे.

माहिती विपुल झाली की ती ग्रहण करणाऱ्याचे लक्ष दुर्मीळ होते, असा विचार अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ हर्बर्ट सायमन यांनी १९७१ मध्ये मांडला होता. दुर्मीळ वस्तूला किंमत येते. प्रभावकाचा व्यवसाय त्याच किमतीवर चालतो.

ही किंमत केवळ फॉलोअरच्या संख्येवरून ठरते, हा समज अपुरा आहे. फॉलोअर विकतही मिळतात, पण बनावट खाती खरेदीला येत नाहीत. म्हणून व्हिडिओ किती जणांपर्यंत पोहोचला, किती वेळ पाहिला गेला, किती जणांनी जतन केला वा पुढे पाठवला, प्रतिक्रियांत नेमके प्रश्न विचारले की नुसते इमोजी टाकले, याची जाहिरातदार छाननी करतात. प्रभावकाला दिलेला सवलतीचा कूपन कोड वापरून किती विक्री झाली हे कळले, की हिशेब अधिक पक्का होतो. देशभर विखुरलेल्या लाखो प्रेक्षकांपेक्षा मारतहळ्ळीतच खोली शोधणारे काही हजार प्रेक्षक पीजीचालकाला अधिक मोलाचे वाटतात, ते यामुळेच.

प्रादेशिक भाषांचे बळही याच हिशेबात आहे. मधुरा बाचल यांनी २००९ मध्ये यूट्यूबवर पाककृती दाखवण्यास सुरुवात केली, तर ‘भारतीय डिजिटल पार्टी’ अर्थात ‘भाडिपा’ २०१६ मध्ये अवतरली. मराठी प्रेक्षकवर्ग हिंदीच्या तुलनेत लहान असला, तरी घरच्या भाषेत बोलणाऱ्यावर त्याचा विश्वास बसतो आणि परप्रांतात राहणारा मराठी माणूसही त्याला जोडलेला राहतो.

मात्र जमवलेले हे लक्ष निर्मात्याच्या मालकीचे नसते. जून २०२० मध्ये केंद्र सरकारने टिकटॉकसह ५९ ॲपवर बंदी घातली, तेव्हा अनेकांचे फॉलोअर एका रात्रीत गेले. ती पोकळी भरण्यासाठी बंगळुरूच्याच शेअरचॅटने काही दिवसांत ‘मोज’ हे ॲप आणले. उत्पन्नाची वाटणीही मंचच ठरवतो. यूट्यूब पात्र निर्मात्यांना दीर्घ व्हिडिओंच्या पानावरील जाहिरात उत्पन्नाचा ५५ टक्के वाटा देते. शॉर्ट्समध्ये निर्मात्यांसाठी बाजूला काढलेल्या रकमेपैकी ४५ टक्के त्यांच्या हाती येतात. या रकमेत भागत नसल्याने अनेक जण प्रायोजित मजकुराकडे वळतात आणि खरा प्रश्न तेथेच उद्भवतो.

ऑगस्ट २०१८ मध्ये उच्च न्यायालयाने ताशेरे ओढल्यानंतर बंगळुरू महापालिकेने शहरभरातील फ्लेक्स हटवले. परंतु फ्लेक्स निदान जाहिरात म्हणून ओळखू तरी येत असे. मित्राच्या सल्ल्यासारखी वाटणारी रील तशी ओळखू येत नाही. प्रशिक्षणवर्गाचे शुल्क किंवा खोलीची अनामत भरणाऱ्या नवख्या तरुणासाठी हा फरक हजारो रुपयांचा ठरू शकतो.

यासाठी भारतीय जाहिरात मानक परिषदेची मार्गदर्शक तत्त्वे जून २०२१ पासून लागू झाली. त्यानुसार १५ सेकंदांपर्यंतच्या व्हिडिओत ‘जाहिरात’ ही सूचना किमान ३ सेकंद, तर २ मिनिटांपर्यंतच्या व्हिडिओत एक तृतीयांश वेळ दिसली पाहिजे. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी २०२३ मध्ये स्वतंत्र मार्गदर्शिका जारी केली. रोख मोबदलाच नव्हे, तर भेटवस्तू, मोफत मुक्काम, सवलत किंवा नातेसंबंधही उघड करणे तीत अपेक्षित आहे. ही सूचना हॅशटॅगच्या गर्दीत दडवता येत नाही. दिशाभूल करणाऱ्या शिफारशीसाठी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण १० लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा उल्लंघन झाल्यास ५० लाखांपर्यंत दंड करू शकते. शिफारस करण्यास १ ते ३ वर्षांची बंदीही घालता येते.

प्राप्तिकर विभागाचेही या व्यवहारांकडे लक्ष आहे. व्यवसायानिमित्त मिळालेल्या लाभांचे मूल्य वर्षाला २०,००० रुपयांपेक्षा अधिक असल्यास त्यावर १० टक्के करकपातीची तरतूद जुलै २०२२ पासून लागू झाली. प्रसिद्धीसाठी दिलेला मोबाइल प्रभावकाने स्वतःकडे ठेवला तर तो लाभ ठरतो. परत केला तर नाही.

दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबाबत प्रेक्षकांना राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. व्हिडिओ नंतर काढून टाकला जाण्याची शक्यता असल्याने त्याचा दुवा, स्क्रीनशॉट आणि पैसे भरल्याची पावती आधीच जपून ठेवणे उपयुक्त ठरते.